शेताच्या वांटण्या, कॉफीचा भाव आणि रवांडाचा सर्वनाश

माणसें वाढलीं म्हणजे जमीन अपुरी पडते, जमीन अपुरी पडली म्हणजे भाऊबंदकी माजते, आणि भाऊबंदकी माजली म्हणजे घर बुडतें, हें शेतकऱ्यास कोणीं नव्यानें सांगावयास नको. परंतु एका घरांत जें घडतें तेंच सबंध देशांत घडूं शकतें काय, आणि घडल्यास त्याचा दोष वाढलेल्या लोकसंख्येकडे कितपत व इतर गोष्टींकडे कितपत, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धानें जगापुढें उभा केला. सन १९५० मध्यें जगाची लोकसंख्या सुमारें २५० कोटि होती. सन २००० मध्यें ती ६१० कोटींच्या घरांत गेली. ह्याच पन्नास वर्षांत दूरदूरच्या देशांतील शेतकरी एका बाजारास जोडले गेले. ह्याच काळांत जुनीं साम्राज्यें मोडून नवीं राष्ट्रें उदयास आलीं आणि त्यांपैकीं कित्येकांत यादवी पेटली. हे तिन्ही प्रवाह जेथें अत्यंत भयंकर रीतीनें एकत्र आले तो देश म्हणजे मध्य आफ्रिकेंतील रवांडा. सन १९९४ च्या एप्रिलपासून जुलैपर्यंत सुमारें शंभर दिवसांत तेथें कमींत कमी पांच लाख, व संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणें आठ लाखांच्या आसपास माणसें ठार झालीं. मारणाऱ्यांत सैनिक व पक्षाच्या टोळ्या होत्या, तशींच हजारों साधीं शेतकरी माणसेंहि होतीं. आणि मारले गेलेले लोकहि बहुतेक शेतकरीच होते. म्हणून ही हकीकत शेतकरी वाचकांनीं लक्षपूर्वक वाचावी अशी आहे.

देश आणि शेती.— रवांडा हा विषुववृत्ताच्या किंचित् दक्षिणेस वसलेला डोंगराळ देश आहे. त्याचें क्षेत्रफळ सुमारें २६,३०० चौरस किलोमीटर, म्हणजे दहा हजार चौरस मैलांहून थोडें अधिक. आपले पुणें व नाशिक हे दोन जिल्हे एकत्र केले तर त्यांहूनहि हा देश लहान भरेल. त्यास समुद्रकिनारा नाहीं. कॉफीचें पोतें बंदरास पोंचवावयाचें तर शेजारच्या देशांतून हजार मैलांच्या आसपास मजल करावी लागते. उंचीमुळें हवा थंड असते व पाऊस वर्षांतून दोन वेळां पडतो. एक फेब्रुवारी-मार्चपासून मेपर्यंत व दुसरा सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत. त्यामुळें एकाच शेतांत वर्षास घेवड्याचीं दोन पिकें निघतात. आपल्याकडे जशीं गांवठाणें असतात तशीं तेथें पूर्वीं नव्हतीं. प्रत्येक कुटुंब टेकडीच्या उतारावर आपल्याच शेतांत राही. घराभोंवतीं केळीची बाग, तिच्यापलीकडे घेवडा, ज्वारी, रताळीं व बटाटे, आणि एका बाजूस नगद पैशासाठीं कॉफीचीं कांहीं झाडें, असा शेताचा थाट असे. बैल व नांगर जवळजवळ नाहींतच. सारी मशागत कुदळीनें होते.

माणसें वाढलीं, जमीन आटली.— विसाव्या शतकाच्या मध्यास ह्या देशांत सुमारें वीस लाख लोक होते. सन १९७८ च्या खानेसुमारींत ते ४८ लाख भरले आणि १९९१ च्या खानेसुमारींत ७१ लाखांवर गेले, म्हणजे दर चौरस मैलीं सुमारें सातशें. १९८० च्या सुमारास एका स्त्रीस सरासरीनें आठांहून अधिक मुलें होत. औषधोपचारामुळें मुलें जगूं लागलीं, परंतु जन्म पूर्वींइतकेच होत राहिले, हें ह्या वाढीचें साधें कारण.

रूढीप्रमाणें प्रत्येक मुलाच्या लग्नाच्या वेळीं बाप त्यास आपल्या जमिनीचा हिस्सा तोडून देई. ह्या हिश्शास 'उमुनानी' म्हणतात. तो मिळाल्यावांचून मुलास घर बांधतां येत नसे, आणि घर नाहीं त्यास मुलगी मिळत नसे. म्हणजे तेथें जमीन ही उपजीविकेचें साधन होतीच, शिवाय माणूस म्हणून गणनेंत येण्याची तीच पायरी होती. जोंपर्यंत रान होतें, चराऊ कुरणें होतीं, दऱ्यांतील दलदल होती, तोंपर्यंत धाकट्या मुलांस नवी जमीन तोडून देतां आली. देशाच्या पूर्व भागांत सरकारनें वसाहतीहि वसविल्या. परंतु १९८० नंतरच्या पांच-सात वर्षांत पडीक म्हणून कांहीं उरलें नाहीं. मग जमीन विसाव्यास टाकणें बंद झालें. कुरण गेलें तशीं गुरें कमी झालीं, गुरें गेलीं तसें खत गेलें. आणि जेथें पूर्वीं गवत होतें अशा उभ्या उतारावर कुदळ चालूं लागतांच पावसाबरोबर माती वाहूं लागली. १९८४ च्या पाहणींत दर कुटुंबाची सरासरी जमीन १.२ हेक्टर, म्हणजे सुमारें तीन एकर भरली. ही सरासरी होय; अर्थात् पुष्कळांची तीहून फार कमी होती.

कायदा एक, व्यवहार दुसरा.— जमिनीचे तुकडे होऊं नयेत व ती सावकारांच्या हातीं जाऊं नये ह्या हेतूनें सरकारनें १९७६ मध्यें एक कायदा केला. जमीन विकावयाची तर सरकारची परवानगी हवी. विकणाऱ्यापाशीं विक्रीनंतर निदान दोन हेक्टर शिल्लक उरलें पाहिजे. आणि घेणाऱ्यापाशीं आधींच दोन हेक्टरांहून अधिक असतां कामा नये. हेतु चांगला होता. परंतु ज्या देशांत बहुतेकांपाशीं मुळांत दोन हेक्टर नाहींत, त्या देशांत ह्या कायद्याचा अर्थ एवढाच झाला कीं गरजवंताची प्रत्येक विक्री बेकायदेशीर ठरली. विक्री थांबली नाहीं. आजारपणासाठीं, दाण्यासाठीं, कोर्टाच्या खर्चासाठीं लोक जमिनी विकीतच राहिले. फक्त त्या व्यवहाराचा सरकारी कागद उरला नाहीं. कागद नाहीं म्हणजे पुढें विकणाऱ्याचा मुलगा 'बापानें जमीन विकलीच नव्हती, गहाण दिली होती' असें म्हणण्यास मोकळा, आणि घेणारा रात्रंदिवस धास्तींत. जो कायदा लोकांस पाळतां येत नाहीं तो तंटे मिटवीत नाहीं, वाढवितो, ह्याचें हें स्पष्ट उदाहरण आहे.

एका गांवाची पाहणी.— कॅथरीन आंद्रे व झाँ-फिलिप प्लातो ह्या बेल्जियममधील अर्थशास्त्रज्ञांनीं वायव्य रवांडांतील कनामा येथील एका वस्तीची १९८८ मध्यें व पुन्हां १९९३ मध्यें पाहणी केली आणि ती १९९८ मध्यें प्रसिद्ध केली. येथील जमीन ज्वालामुखीच्या राखेची, अतिशय कसदार. म्हणूनच वस्तीहि अतिशय दाट. १९८८ मध्यें येथें दर कुटुंबामागें सरासरीनें सुमारें ३६ गुंठे जमीन होती. पांच वर्षांत ती सुमारें २९ गुंठ्यांवर आली. आणि एवढ्याशा जमिनीचेहि कित्येक अलग तुकडे होते. १९९३ मध्यें वीस ते पंचवीस वर्षांचा एकहि तरुण स्वतंत्र घर करून राहूं शकलेला नव्हता; सर्व बापाच्या घरीं होते. बाप जमीन देण्याची टाळाटाळ करी, कारण दिली तर त्यानें स्वतः खावें काय? मुलगा बापावर फिर्याद करी. थोरला म्हणे कीं धाकट्यास अधिक मिळालें. नवऱ्यानें टाकलेली बहीण परत आली तर भाऊ तिला वावर देण्यास नाकारीत, कारण तिच्या मुलांनीं पुढें हिस्सा मागितला तर काय, ही त्यांस भीति.

ह्या सर्वांत एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. सर्वच घरें सारखीं खालावलीं नाहींत. ज्यांच्या घरीं नोकरीचा, सुतारकामाचा, व्यापाराचा, म्हणजे शेतीबाहेरचा पैसा येत होता त्यांनीं जमीन विकत घेतली. ज्यांचा सर्व आधार शेतावर होता त्यांनीं ती विकली. म्हणजे लहान शेत हें एकटें संकट नव्हे. लहान शेत आणि त्याखेरीज दुसरी मिळकत नाहीं, हें संकट होय.

दूरच्या बाजाराचा तडाखा.— आतां कॉफीकडे वळूं. बेल्जियन अमदानींत, १९३० नंतरच्या वर्षांत, शेतकऱ्यांवर कॉफी लावण्याची सक्ति झाली. स्वातंत्र्य १९६२ मध्यें मिळालें, तरी सक्ति पुरती गेली नाहीं. लावलेलें कॉफीचें झाड उपटणें हा गुन्हा होता. सरकारी मंडळ वर्षाचा दर ठरवी व त्या दरानें माल घेई. देशाच्या निर्गत व्यापाराचा निम्म्याहून पुष्कळ अधिक भाग एकट्या कॉफीचा होता. ही व्यवस्था कांहीं वर्षें बरी चालली, कारण १९६२ पासून कॉफी पिकविणाऱ्या व कॉफी पिणाऱ्या देशांचा एक आंतरराष्ट्रीय करार होता. प्रत्येक देशानें किती माल बाजारांत आणावयाचा हें त्या करारानें ठरे व त्यामुळें भाव फार पडत नसे. हा करार टिकण्यांत अमेरिकेचा राजकीय स्वार्थहि होता. कॉफीवर जगणारे गरीब देश साम्यवादाकडे वळूं नयेत, अशी तिची इच्छा होती.

१९८० नंतरच्या दशकाच्या शेवटीं तें राजकारण पालटलें. कोणत्या देशास किती वांटा द्यावा ह्यावर एकमत होईना, आणि ता. ४ जुलै १९८९ रोजीं वांट्यांची सर्व व्यवस्था स्थगित झाली. जो तो देश आपलीं कोठारें रिकामीं करूं लागला. तीन-चार वर्षांत जगाच्या बाजारांतील कॉफीचा भाव निम्म्याहून खालीं आला. रवांडाच्या सरकारनें कांहीं काळ तोटा सोसून शेतकऱ्यास जुना दर दिला. मग तिजोरी आटली व दर उतरविणें भाग पडलें. देशास कॉफीपासून १९८५ मध्यें सुमारें साडेचौदा कोटि डॉलर मिळत असत. १९९३ मध्यें अवघे तीन कोटि मिळाले. त्यांतच १९८९ मध्यें दक्षिण भागांत पिकें बुडून दुष्काळ पडला. कर्ज मिळविण्यासाठीं सरकारनें आंतरराष्ट्रीय नाणेनिधि व जागतिक बँक ह्यांच्या अटी मान्य केल्या आणि १९९० च्या नोव्हेंबरांत आपल्या नाण्याची किंमत सुमारें ४० टक्क्यांनीं उतरविली. घासलेट, कापड, औषधें, सर्व महागलें. मनाई असतांहि शेतकऱ्यांनीं कॉफीचीं झाडें उपटून तेथें खाण्याचें पीक लावण्यास आरंभ केला. लंडन व न्यूयॉर्क येथील बैठकींत काय ठरतें ह्याची ज्यास गंधवार्ताहि नव्हती, त्या टेकडीवरील माणसाच्या मुलाचें लग्न त्या ठरावामुळें अडलें.

वैराचें मूळ.— आतांपर्यंत सांगितलें तें दारिद्र्य झालें. दारिद्र्याचें रूपांतर कत्तलींत कसें झालें हें समजण्यास थोडें मागें जावें लागतें. रवांडांत हुतु व तुत्सी असे दोन मोठे समाज. भाषा एक, धर्म एक, टेकडी एक. हुतु सुमारें ८५ टक्के व तुत्सी सुमारें १४ टक्के. पूर्वींचे राजे व बहुतेक अधिकारी तुत्सी असत. तथापि ह्या भेदाची सीमा पूर्वीं थोडी सैल होती. १९३३-३४ च्या सुमारास बेल्जियन सरकारनें प्रत्येकाच्या ओळखपत्रावर त्याची जात लिहिली, आणि सैल होती ती रेघ दगडावरची झाली. १९५९ मध्यें हुतूंचा उठाव होऊन राज्य उलटलें. लाखों तुत्सी युगांडा, बुरुंडी, कांगो ह्या देशांत पळाले व तेथें निर्वासित म्हणून राहिले. त्यांच्या जमिनी इतरांनीं कसावयास घेतल्या.

ह्या निर्वासितांनीं परत येऊं देण्याची मागणी केली तेव्हां राष्ट्राध्यक्ष हाब्यारिमाना ह्यांच्या राजवटीनें १९८६ मध्यें उत्तर दिलें कीं देश भरला आहे, परतणाऱ्यांस जागा नाहीं. येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें. लोकसंख्येचा आंकडा खरा होता. परंतु त्याचा उपयोग कोणास जागा आहे व कोणास नाहीं हें जातीवरून ठरविण्याकडे झाला. खरा आंकडा खोट्या कामास लावतां येतो, तो असा.

ता. १ ऑक्टोबर १९९० रोजीं युगांडांतील निर्वासितांच्या मुलांनीं उभारलेल्या सेनेनें उत्तरेकडून रवांडावर स्वारी केली. सरकारी सैन्य पांच हजारांवरून तीस हजारांवर गेलें. ज्यांस वावर नव्हतें, लग्न नव्हतें, काम नव्हतें, त्या तरुणांस सैन्यांत व पक्षाच्या टोळ्यांत भाकरी व मान दोन्ही मिळूं लागलीं. १९९३ च्या फेब्रुवारींतील लढाईमुळें उत्तरेच्या सुपीक भागांतून नऊ लाखांच्या आसपास लोक शेतें टाकून पळाले, आणि उरल्यासुरल्या धान्याचीहि टंचाई झाली. ह्याच सुमारास, १९९३ च्या जानेवारीपासून १९९४ च्या मार्चपर्यंत, आयातीच्या परवान्यांवर ५८१ टन कोयत्यांची मागणी नोंदली गेली. ज्या व्यापारानें कॉफीचा भाव पाडला तोच व्यापार स्वस्त कोयते आणून देण्यासहि तत्पर होता.

ता. ६ एप्रिल १९९४ रोजीं राष्ट्राध्यक्षांचें विमान पाडलें गेलें व त्याच रात्रीं कत्तल सुरू झाली. तिची रीत शेतकऱ्यास परिचित अशीच होती. १९७४ पासून रवांडांत दर आठवड्यास एक दिवस सक्तीची सार्वजनिक मेहनत असे. सर्वांनीं मिळून बांध घालावयाचे, चर खणावयाचे. तिला 'उमुगांडा' म्हणत. तींच माणसें त्याच मुकादमांनीं जमविलीं, आणि माणसें मारण्यास 'काम' व 'झुडपें साफ करणें' असे शब्द वापरले. मृतांचीं शेतें काम करणारांस मिळतील असें अधिकाऱ्यांनीं सांगितलें. ज्याच्या मुलास उमुनानी देतां येत नव्हतें त्यास हें वचन काय वाटलें असेल ह्याची कल्पना करणें कठीण नाहीं. आणि तें मनास फार अस्वस्थ करणारें आहे.

कनामा येथील त्या वस्तींत तुत्सी म्हणून एकच स्त्री होती. तरीहि तेथील सुमारें पांच टक्के माणसें मारलीं गेलीं. ती स्त्री मेली, पण बाकीचे हुतूच होते. त्यांत जमीन बाळगून असलेले वयस्क खातेदार होते. भांडणांत पुढें असणारे होते. आणि उपासमारीनें खचलेले गरीबहि होते. म्हणजे वरून पेटविलेला वणवा खालीं जुन्या बांधाच्या भांडणांपर्यंत येऊन पोंचला.

मग दोष कोणाचा?— कित्येक विद्वान म्हणाले कीं माणसें फार झालीं म्हणून हें झालें. हें उत्तर आम्हांस पटत नाहीं, व न पटण्यास कारणें आहेत. पहिलें असें कीं, दाट वस्तीनेंच कत्तल होत असती तर ती सर्वत्र एकदम व्हावयास पाहिजे होती. परंतु दक्षिणेकडील बुतारे ह्या अत्यंत दाट वस्तीच्या प्रांतांत तेथील प्रांताधिकाऱ्यानें पहिले जवळजवळ दोन आठवडे कत्तल होऊं दिली नाहीं. त्यास बडतर्फ करून नवीन राष्ट्राध्यक्ष ता. १९ एप्रिल रोजीं तेथें भाषणास आले, आणि त्यानंतर कत्तल सुरू झाली. वस्ती कालच्याएवढीच होती. बदलला तो हुकूम. दुसरें असें कीं, १९७१ च्या युद्धाच्या यातना सोसलेल्या बांगलादेशांत १९९१ च्या सुमारास दर चौरस मैलीं वस्ती रवांडाच्या अडीच पटींहून अधिक होती. तेथें खेड्यापाड्यांत जाणाऱ्या आरोग्यसेविका, पाटाच्या व विहिरीच्या पाण्यावरचें उन्हाळी भात, परदेशीं मजुरीस गेलेल्यांचा पैसा आणि शिवणकामाचे कारखाने ह्यांनीं जमिनीवरचा भार हलका केला. एका स्त्रीमागें होणारीं सहांहून अधिक मुलें १९९३-९४ पर्यंत साडेतीनांच्या आंत आलीं.

तेव्हां आमचें मत असें. दाट वस्ती, लहान शेत, एकच नगदी पीक व कागद नसलेला हक्क, ह्या चार गोष्टी मिळून वाळलेल्या गवताची गंजी होते. गंजी आपण होऊन पेटत नाहीं. ती पेटविणारा हात वेगळा असतो, आणि रवांडांत तो हात राज्य चालविणाऱ्यांचा होता. त्या हाताचा गुन्हा गंजीवर ढकलणें हा अन्याय आहे. पण दारांत गंजी रचून ठेवून निश्चिंत निजणें हाहि शहाणपणा नव्हे.

पुढें काय झालें.— १९९४ च्या जुलैंत निर्वासितांच्या सेनेनें राजधानी किगाली घेतली व कत्तल थांबली. वीस लाखांच्या आसपास लोक शेजारच्या देशांत पळाले. १९५९ पासून बाहेर असलेले लाखों लोक परत आले. कित्येक ठिकाणीं एकच शेत दोघांत वांटून घ्यावें लागलें. १९९६ पासून तो संघर्ष कांगोच्या पूर्व भागांत पसरला व तेथील आग पुढें अनेक वर्षें विझली नाहीं. १९२५ नव्हे, २०२५ च्या जानेवारींतहि तेथील गोमा हें शहर बंडखोरांच्या हातीं गेलें.

शेतकऱ्याच्या दृष्टीनें त्यानंतरचीं तीन कामें पाहण्यासारखीं आहेत. पहिलें हक्काच्या नोंदीचें. १९९९ च्या कायद्यानें मुलींस मुलांच्या बरोबरीनें वारसा मिळाला. नंतर २००९ ते २०१३ ह्या काळांत देशांतील एक कोटीहून अधिक तुकड्यांची नोंद झाली. विमानांतून घेतलेलीं छायाचित्रें कागदावर छापून टेकडीवर नेलीं. खातेदार, त्याची बायको व चारहि बाजूंचे शेजारी बांधावरून चालले. सर्वांनीं कबूल केलेली रेघ छायाचित्रावर ओढली. तक्रार असल्यास ती त्याच वेळीं लिहून घेतली. पतिपत्नी दोघांचीं नांवें दाखल्यावर आलीं. खर्च दर तुकड्यास सहा-सात डॉलरांच्या आसपास आला. दोष राहिले ते पुढील फेरफारांत. दाखला मिळाल्यावर झालेली विक्री किंवा वांटणी फीच्या भयानें पुष्कळांनीं नोंदविली नाहीं. आणि एक हेक्टराहून लहान शेताची वांटणी करूं नये असा २००५ चा नियम, १९७६ च्या नियमाप्रमाणेंच, लोकांनीं घरगुती वांटणीनें मागें सारला.

दुसरें काम कॉफीचें. पूर्वीं प्रत्येक घर कॉफीचें फळ घरींच सोलून धुई, त्यामुळें माल हलका निघे. १९९९ मध्यें दक्षिणेंतील मराबा येथें शेतकऱ्यांची सहकारी संस्था स्थापन झाली. तिच्या सभासदांत कत्तलींत नवरा गमावलेल्या पुष्कळ विधवा होत्या. संस्थांनीं व व्यापाऱ्यांनीं ठिकठिकाणीं धुण्याचीं केंद्रें उभारलीं, माल निवडून व पारखून विकला, आणि पूर्वीं मिश्रणांत हरवणारी कॉफी स्वतःच्या नांवानें अधिक भावास जाऊं लागली. जगाचा बाजार तोच राहिला. त्यांत उभें राहण्याची जागा बदलली. तिसरें काम कुटुंबाचें. स्त्रीमागें आठांहून अधिक असलेलीं मुलें २०१९-२० च्या पाहणींत सुमारें चारांवर आलीं. तरीहि २०२२ च्या खानेसुमारींत लोकसंख्या १ कोटि ३२ लाख भरली, आणि बहुतेक कुटुंबांपाशीं एक हेक्टराहून कमीच जमीन आहे. शिवाय कोणत्या भागांत कोणतें पीक घ्यावें हें सरकार वरून ठरवितें, ह्यावर टीकाहि पुष्कळ झाली आहे. तेव्हां गवत पुरतें हललें आहे असें कोणीं समजूं नये.

आपल्यासाठीं कांहीं विचार.— दूरच्या बाजारानें शेतकऱ्यास पेटविल्याचें उदाहरण आपल्या दख्खनेंतहि आहे. १८६१ ते १८६५ ह्या अमेरिकेंतील यादवीच्या काळांत कापसास सोन्याचा भाव आला, सावकारांनीं सढळ हातानें कर्जें दिलीं. युद्ध संपून भाव उतरला, सारा वाढलेला होता, आणि ता. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें दंगा झाला. परंतु त्या शेतकऱ्यांनीं मुख्यतः कर्जरोखे जाळले. मनुष्यहत्या फार थोडी झाली. मागाहून चौकशी बसली व १८७९ मध्यें शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. क्रोध होता, पण तो कागदावर निघाला, आणि तो ऐकून घेणारी चौकशी होती. रवांडांत क्रोध कोणीं ऐकून घेतला नाहीं. त्यास फक्त दुसऱ्याच्या घराची वाट दाखविली.

महाराष्ट्रांत दर खातेदाराची सरासरी जमीन १९७०-७१ मध्यें ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ मध्यें ती १.३४ हेक्टर झाली. आपली स्थिति रवांडासारखी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. येथें शहरें आहेत, कारखाने आहेत, सातबारा आहे, आणि कुटुंबें लहान झालीं आहेत. परंतु तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून असूनहि तोंडी वांटण्या चालतात हें प्रत्येक वाचक जाणतो. म्हणून सभासदांस आमची विनंति इतकीच कीं, ज्याच्या घरीं वांटणी झाली असेल त्यानें ती बाप जिवंत असतांच लेखी करून नोंदवावी व बहिणीचा हक्क दडवूं नये. एका पिकावर व एका बाजारावर सर्व संसार टांगूं नये. घरांतील निदान एका मुलास शेतीबाहेरचें कसब शिकवावें. आणि गांवांत बांधावरून तंटा उठला असतां जो कोणी त्यास जातीचा किंवा धर्माचा रंग देऊं पाहील, त्यास पहिल्याच बैठकींत स्पष्ट शब्दांनीं थांबवावें. बांधाचें भांडण बांधावरच मिटतें. तें बांध सोडून माणसाच्या जन्मावर गेलें, म्हणजे मग तें मिटविणें कोणाच्याहि हातीं राहत नाहीं.